एका रात्रीचं अंतर

मिरजेत मुंबईचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. ‘एक रात्र’ म्हणतात. महालक्ष्मी दहाच्या सुमारास स्टेशन सोडते, दशम्यांचा डबा उघडायचा, आडवं व्हायचं; डोळे चोळेपर्यंत कल्याण.

वडील रेल्वेत होते. त्यांच्या तरुणपणी पुण्यापर्यंत मीटरगेज, मग पेट्या-वळकट्या उचलून गाडी बदलायची. १९७१च्या सुमारास ब्रॉडगेज आलं आणि मुंबई एका रात्रीवर येऊन बसली. पण बेळगावकडचे रूळ मीटरगेजच राहिले आणि पंढरपूरकडचे नॅरोगेज. एकाच स्टेशनात तीन रुंदींचे रूळ! आम्हा पोरांचा हिशोब त्यावरूनच ठरलेला: रूळ जेवढा अरुंद, तेवढं गाव लांब. पंढरपूर दीडशे किलोमीटरच्या आत, तरी ती छोटी गाडी दिवस खायची.

पुढे लेक लंडनला गेली. मुंबईहून विमानाचं सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि वेळ साडेनऊ-दहा तास. मिरज ते मुंबई रेल्वेने ४७० किलोमीटर, वेळ जवळपास तेवढाच. हे ऐकून शेजारच्या मावशी म्हणाल्या, “मग काय, आणखी एक महालक्ष्मी!” लेकीच्या आईला त्या एका वाक्याने जेवढा धीर आला, तेवढा माझ्या नकाशाने आला नव्हता.

परतीचं विमान मात्र लवकर येतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, तो येताना पाठीशी असतो आणि जाताना तोंडावर. जाताना घड्याळ साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणून दुपारी उडालेली पोरगी संध्याकाळीच उतरते. १९४८च्या जूनमध्ये एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ पहिल्यांदा लंडनला गेलं, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं.

लेकीला तानपुरा हवा होता. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने तारा सैल केल्या, जवारीचे दोरे काढून पुडीत बांधले, घोडीखाली कापड सारलं. मग भोपळ्यावर हात फिरवत म्हणाला, “ताई, पोचल्यावर लगेच तारा चढवू नका. दोन दिवस तिथली हवा खाऊ दे त्याला.” हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. म्हणजे त्याचा प्रवास लेकीहून मोठा.

वजन असलं की अंतर वाढतं, हे मिरजेला चांगलं ठाऊक आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाणी घेऊन पहिली गाडी इथूनच निघाली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आतलं लातूर, पण सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. तेवढ्यात लेक लंडनला पोचून चहा प्यायली असती.

हल्ली लोक विचारतात, कोल्हापूरहून तासाभरात विमानाने मुंबई गाठता येते, मग गाडी कशाला? देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलोचं सामान चालतं. लोणच्याच्या बरण्या, मेतकूट, भडंग आणि वर तानपुरा हे त्यात बसवून दाखवा.

तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल, तर एवढं ऐका. विमान दुपारचं असलं तरी आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीवर विसंबू नका. घाटात गाडी अडकली की मुंबईत धावपळ आणि घरी देव पाण्यात. आदल्या दिवशी सकाळची कोयना धरा, दादरला उतरा, रात्री नातेवाइकांकडे जेवा.