पोपडे

भिंतीचे पोपडे सुटले की आपण ओल शोधतो. वाहनाच्या बाबतीत मात्र आधी मालकाकडे बोट दाखवले जाते. माझ्या चौदा महिन्यांच्या मोटारसायकलच्या क्लच-कव्हरवरचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, तेव्हा सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक म्हणाले, “रत्नागिरीची खारी हवा, साहेब. रंग वॉरंटीत येत नाही.”

हवा तर दोन्ही बाजूंना सारखीच होती. डावे कव्हर मात्र धड होते. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर धरतो. रंगापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर रासायनिक प्रक्रिया नीट झाली नाही, तर रंगाची पकड कच्ची राहते. मग इंजिन तापते, निवते. धातू प्रसरतो, आकसतो आणि रंग आतून सुटतो. खडी लागून उडालेला रंग निराळा दिसतो : तिथे धातूवर टवका असतो. इथे ओरखडाही नव्हता.

तारखांसह छायाचित्रे जोडून मी लेखी तक्रार दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत गुणवत्तेतील उणीवही येते, हे त्यात नमूद केले. तीन आठवड्यांनी कव्हर बदलून मिळाले. पावतीवर शेरा होता, ‘सद्भावनेपोटी’. तो मी बदलून घेतला. सद्भावना मान्य करणे म्हणजे दोष नव्हताच असे लिहून देणे. आणि नव्या कव्हरचा रंग सुटला, तर मागायला तोंड उरत नाही.