कोलशेतहून फ्रेंच पंगतीला

कापूरबावडीच्या नाक्याहून निघालेला रस्ता ढोकाळी मागे टाकून कोलशेतच्या खाडीकडे जातो. या रस्त्यावर एकेकाळी सँडोझ, बायर यांसारख्या कंपन्यांचे विस्तीर्ण कारखाने होते. आज तेथे गृहसंकुलांचे उंच मनोरे उभे आहेत. खाडीलगतच्या जुन्या गावठाणात तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण अजून टिकून आहे. मनोऱ्यांतील कुटुंबे मात्र वाढदिवस किंवा लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा करण्यासाठी वांद्र्याच्या वा दक्षिण मुंबईच्या फ्रेंच उपाहारगृहात टेबल राखून ठेवू लागली आहेत. मग घरात प्रश्न उभा राहतो, आजी-आजोबांना न्यावे की नाही? ‘त्यांना तिथले काही चालणार नाही,’ हे वाक्य दवाखान्यात वारंवार कानी पडते.

वाचकहो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मुळात जागेचा नव्हे. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या मांसाच्या कढणाला ते नाव होते. पुढे ते कढण मिळण्याच्या ठिकाणालाच ते चिकटले. म्हणजे ही पंगत आरंभी दुर्बलांसाठीच मांडली गेली होती! २०१० साली युनेस्कोने फ्रेंच भोजनपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर सर्वांनी एकत्र बसून क्रमाक्रमाने, सावकाश जेवण्याच्या रीतीसाठी. लहान घास आणि दोन पदार्थांमधली उसंत उतारवयातील पचनाला मानवणारीच आहे.

पदार्थही वाटतात तितके परके नाहीत. मार्सेयच्या कोळ्यांनी विक्रीतून उरलेल्या मासळीचे केलेले ‘बुइयाबेस’ हे आपल्या कालवणाचेच दूरचे नातलग. वांगी, टोमॅटो व ढोबळी मिरची मऊ शिजवलेले ‘रातातुई’ कवळी वापरणाऱ्यांनाही सहज खाता येते. ब्रिटनी प्रांताचे ‘गालेत’ म्हणजे उपवासाला चालणाऱ्या कुट्टूच्या पिठाचे धिरडेच म्हणा ना. शाकाहारी मंडळींनी मात्र भाजीच्या सुपातही मांसाचा अर्क आणि गोड पदार्थात जिलेटिन असू शकते हे ध्यानात घेऊन आधीच चौकशी करावी.

खरी जोखीम ताटापेक्षा घड्याळात अधिक असते. कोलशेतहून वांद्र्याला पोहोचायला तासाहून अधिक वेळ सहज जातो. पुढे पहिला पदार्थ येईपर्यंत आणखी अर्धा तास. मधुमेही व्यक्ती जेवणापूर्वीचे इन्सुलिन घरीच घेऊन निघाली, तर रक्तशर्करा वाटेतच घसरू शकते. म्हणून ते इन्सुलिन सोबत न्यावे आणि अन्न समोर आल्यावर घ्यावे. जेवणाआधीच्या गोळ्यांच्या वेळेबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसताच शर्करा तपासावी. ती ७० मिलीग्रॅमच्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपल्यास तोंडावाटे काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे.

वाइनचा आग्रह प्रेमाने होतो, तो तितक्याच प्रेमाने नाकारता येतो. झोपेची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन, इन्सुलिन वा मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य टाळलेलेच बरे. कच्चे कालव, कच्च्या अंड्याचे ‘मूस’ आणि निर्जंतुक न केलेल्या दुधाचे मऊ चीज यांतून होणारा जंतुसंसर्ग वृद्धांना अधिक बाधतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मीठ जपावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. खारवलेले मांस, चीज आणि सूप एकाच जेवणात आले, तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

पक्षाघात वा पार्किन्सनमुळे गिळणे अवघड झालेल्यांसाठी पावाचा कडक पापुद्रा, कांद्याच्या सुपावरील चीजच्या तारा आणि अगदी पातळ सूपही धोक्याचे. त्यांना घट्टसर सूप, काटे काढलेली मऊ मासळी किंवा ‘सुफले’ मागवावे. मान किंचित पुढे झुकवून, ताठ बसवून, एका वेळी एकच लहान घास द्यावा.

काळजीवाहकांनी टेबल राखून ठेवतानाच चार गोष्टी विचाराव्यात: पायऱ्या किती, प्रसाधनगृह किती दूर, हाताची खुर्ची आहे का आणि शांत, उजेडाचा कोपरा मिळेल का. मंद दिव्यांत पायरी चुकते, गोंगाटात श्रवणयंत्र निरुपयोगी ठरते. शक्यतो दुपारची वेळ घ्यावी. रस्ता मोकळा असतो, औषधांचे वेळापत्रक विस्कटत नाही.

आणि मेनूकार्ड आजोबांच्याही हाती द्यावे. अक्षरे बारीक असतील, तर वाचून दाखवावे. पण निवड त्यांचीच असू द्यावी. उतारवयात भूक मंदावते, त्यामागे एकटेपणही असते. सर्वांसोबत, स्वतःच्या पसंतीने खाल्लेले चार घास त्यावरचे उत्तम औषध आहे.