मोटारीला दसरा आहे म्हणून ती चालते

कोल्हापूरच्या दसरा चौकात दरवर्षी विजयादशमीला सोनं लुटायला गर्दी होते. खेड्यापाड्यांतून माणसं येतात. शमीपूजनाला छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी येतात ती एका जुन्या मोटारीतून. १९३०च्या दशकातली ही जर्मन मोटार. तिचं नाव मेबॅक. आमच्या भागातल्या लहान पोरालाही हे नाव ठाऊक असतं. गर्दीत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात: हिची किंमत किती आणि लिटरला किती पळते? मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. एवढी वर्षं हिला सांभाळलं कसं असेल? विहिरीवरचं डिझेल इंजिन तीस वर्षं ज्यानं जपलं, त्याला दुसरं काय सुचणार!

या मोटारीचं कुळ मोठं आहे. विल्हेल्म मेबॅक हा जर्मनीतला नामांकित कारागीर. १९०१ साली जगापुढं आलेली पहिली मर्सिडीज मोटार त्यानंच आखली. त्याचा मुलगा कार्ल हा झेपेलिन नावाच्या अवाढव्य हवाई जहाजांची इंजिनं बनवायचा. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली. १९१९च्या तहानं विमानं आणि त्यांची इंजिनं बनवायला बंदी आली. मग कार्लनं १९२१ पासून फ्रीड्रिक्सहाफेन गावी मोटारी सुरू केल्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळ्या मिळून अठराशेच्या आसपासच मोटारी निघाल्या.

गंमत पुढंच आहे. हा कारखाना पुरी मोटार विकतच नसे. इंजिन, चाकं, आख आणि लोखंडी सांगाडा एवढंच द्यायचा. वरचा डोलारा गिऱ्हाइकानं दुसरीकडून बांधून घ्यायचा. मेबॅकच्या बहुतेक गाड्यांना राव्हेन्सबर्ग गावच्या श्पोन नावाच्या कारागिरांनी डोलारा चढवला. इंग्लंडातही तीच रीत. रोल्स-रॉईस दुसऱ्या महायुद्धापर्यंत सांगाडाच विकत असे आणि लंडनच्या बार्कर, हूपर यांच्यासारख्या पेढ्या वरचं काम करत. या पेढ्या मूळच्या घोडागाड्या बांधणाऱ्या. बार्करची सुरुवात १७१० सालची, हूपरची १८०५ची. मोटार आली, घोडे गेले, पण सुतार तोच राहिला.

आपल्याला हे नवीन नाही. लोहाराकडून आख आणि धाव आणायची आणि साटा गावच्या सुताराकडून आपल्या मापानं करून घ्यायचा, हीच आपल्या बैलगाडीची रीत. राजेरजवाड्यांचं माप तेवढं निराळं. कुणाला पडदानशीन राण्यांसाठी काळ्या काचा हव्या, कुणाला शिकारीसाठी बंदुका ठेवायला जागा हवी.

डोलारा कसा व्हायचा? आधी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट. हे लाकूड आपल्या बाभळीसारखं चिवट, धक्का सोसणारं. मग ॲल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून ठोकून त्याला गोलाई द्यायची आणि चौकटीवर बसवायचा. साचा नाही, छाप नाही. त्यामुळं एका गाडीचा दरवाजा दुसरीला नीट बसेलच असं नाही.

सांभाळायची अडचण इथंच आहे. बाहेरून रंग चकचकीत आणि आत लाकूड कुजलेलं, असं जुन्या मोटारीत नेहमीचंच. दाराखाली पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की पावसाचं पाणी साचतं आणि लाकूड पोखरतं. लोखंडी खिळा ॲल्युमिनियमला टेकला आणि ओल लागली की पत्रा पांढरा पडून खातो. गादीतल्या घोड्याच्या केसांत उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचा चिकट राळ होतो आणि कार्ब्युरेटर तुंबतो. टायर न पळताही तडकतात.

फार दिवस उभी असलेली मोटार एकदम स्टार्टर मारून चालू करायची नसते. इंजिनातलं तेल उतरून खाली बसलेलं असतं. आधी प्लग काढायचे, आत थोडं तेल सोडायचं, हातानं दोनचार वेढे द्यायचे, मगच चालू करायची. चालू केली की पाच मिनिटांत बंदही करायची नाही. इंजिन पुरतं तापलं नाही तर आतली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. चांगली तापेपर्यंत फिरवून आणावी. विहिरीवरच्या इंजिनालाही यातलं बरंचसं लागू आहे, बरं का!

सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जुना भाग मापून लेथवर नवा करावा लागतो. पितळी बुश असो की दात असलेलं चाक, हात लागतो तो कारागिराचाच.

आमची मंडळी एकदा म्हणाली, "शेतसाऱ्याच्या पैशातूनच राजांनी मोटारी घेतल्या ना? त्यांचं एवढं कौतुक कशाला?" बोलणं खोटं नाही. संस्थानांच्या तिजोरीत रयतेचाच घाम होता. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ साली राजांचे तनखे बंद झाले. देशभर कित्येक मोटारी कवडीमोलानं विकल्या गेल्या, कित्येक भंगारात गेल्या. राजेपण गेलं ते बरंच झालं. पण भंगारात राजा जात नाही. जातो तो त्या सुताराचा आणि पत्रा ठोकणाऱ्याचा हात. म्हणून २०२१ साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली, ते मला पटलं. रोजच्या वापराला नाही, पण मेळ्याला, दुरुस्तीला त्या रस्त्यावर आणता येतात.

आमच्या गोठ्यामागं वडिलांची लाकडी गाडी आहे. परवा एक व्यापारी आला. त्याला ती हॉटेलाच्या दारात शोभेला हवी होती. पैसे बरे देत होता. पोराचं मन झालं. मी गावच्या म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं. त्यांनी तुंबा ठोकून पाहिला, आरे हलवून पाहिले आणि म्हणाले, "दोन आरे गेलेत, बाकी गाडी जिती आहे. पण हॉटेलाच्या दारात पाणी मारतील रोज. तीन पावसाळ्यांत माती होईल. लाकडाला काम पाहिजे आणि वर छप्पर पाहिजे." सोबत म्हणाले, "चाक भरणारा आता या पंचक्रोशीत मी एकटाच."

ही गोष्ट माझ्या मनात बसली. मेबॅक टिकली ती नुसत्या पैशानं नव्हे. वर्षातला एक दिवस तिला सगळ्यांसमोर चालून दाखवावंच लागतं. त्या एका दिवसासाठी कुणीतरी वर्षभर तिच्याकडं पाहतं.

गाडी विकली नाही. पोरगा सुतारांच्या हाताखाली बसून दोन आरे भरायला शिकला. आता खंडेनवमीला अवजारांबरोबर तिचीही पूजा होते. त्याआधी आखाला वंगण, लाकडाला जवसाचं तेल, आणि पूजा झाली की बैल जुंपून शिवारापर्यंत एक फेरी. ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल त्यांनी एवढं तरी करून पाहावं.