चोर्ल्याची वाट आणि स्टिअरिंगचा प्ले

बेळगावची भाजी गोव्याला जाते ती बरीचशी चोर्ल्याच्या वाटेने. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला आणि घाट उतरून केरी-साखळी. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये खोट असेल तर हा रस्ता ती टप्प्याटप्प्याने बाहेर काढतो, असं उद्यमबागेतले आमचे मिस्त्री म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात मामांच्या पिकअपमधून त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

गाडी २००४ची. पुढे पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही. मागे शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराचा माल, कोबी आणि मिरची. मिस्त्रींना साखळीला पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून ते उद्यमबागेत चढले. मामांची तक्रार अशी की स्टिअरिंग तीन बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ताच नसतो. कुणीतरी सल्ला दिला होता, बॉक्सवरचा स्क्रू आवळून टाका.

"तेला आधी हात लावू नकासा," मिस्त्री म्हणाले. "प्ले कुठं हाय ते बघूया की."

जांबोटीपर्यंत सरळ पट्टा आला की ते मामांना स्टिअरिंग हलकं धरायला सांगत. गाडी एकाच बाजूला ओढत असती तर हवा, टायर किंवा अडकलेला ब्रेक बघावा लागला असता. पुढचे टायर आपसात बदलले आणि ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच. पण आमची गाडी कधी इकडे, कधी तिकडे भरकटत होती. जांबोटीच्या पुढे पावसाने उखडलेल्या रस्त्यावर खड्डा आला की डावीकडून 'टक्' असा आवाज येई आणि तो थेट हातात जाणवे.

कणकुंबीला मिस्त्रींनी गाडी थांबवायला लावली. मलप्रभेचा उगम याच गावात, माउलीचं देऊळही तिथेच. सपाट जागा बघून चाकांना दगड लावले. मला आत बसवून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली शिरून ते एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. वरचा दांडा फिरला आणि बॉक्सखालचा आर्म जागचा हलला नाही, तर दोष बॉक्सचा. आमचा आर्म लगेच हलत होता. त्याची ड्रॅग लिंकही हलत होती. डाव्या टायरॉड एंडपाशी मात्र रॉड आधी हलायचा आणि चाक मागाहून. रबराचं बूट फाटलेलं, ग्रीस धुऊन गेलेलं, आतला गोळा झिजलेला.

मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. थोडं हललं. मामांनी ब्रेक दाबला तेव्हा हलणं थांबलं, म्हणजे किंगपिन बरा, बेअरिंग जरा आवळायचं. हे मला फार आवडलं. एक पाय ब्रेकवर, आणि दोन संशयितांतला एक सुटला!

स्क्रू आवळला असता तर? प्ले कमी झाल्यासारखा वाटला असता, वळणावर बॉक्स जड झाला असता, स्टिअरिंग आपण होऊन सरळ आलं नसतं. आणि तो सांधा घाटात सुटला असता तर दोन्ही चाकं एकत्र वळलीच नसती.

मामांचा जीव मालात. बाजार चुकला तर मिरची मऊ पडते. मिस्त्री मात्र गाडी घाटात घालू देईनात. शेवटी मागून येणाऱ्या ओळखीच्या टेंपोत क्रेट चढवले, भाडं मामांनी निमूटपणे दिलं. सुटा भाग बेळगावहून मोटरसायकलवरून येईस्तोवर अंधार पडला. जुना एंड काढताना मिस्त्रींनी आटे मोजले, नवा तितकेच आटे फिरवून बसवला, नटातून कॉटर पिन घातली. "तरी बी अलाइनमेंट करून घ्यायला पायजे हं," त्यांनी बजावलं.

रिकामी गाडी सकाळी घाट उतरली. धुकं विरळ झालं तसं खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसलं. प्रत्येक वळणानंतर मामा पकड सैल करत आणि स्टिअरिंग आपसूक मधे येई. केरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. साखळीच्या अलीकडे म्हणाले, "उजव्या बाजूचा बी बदलून टाकूया काय ओ?"

मिस्त्री झोपले होते.