केशराचे गाव : सॅफ्रन वॉल्डन

शीरखुर्म्यात किंवा बिर्याणीच्या वरच्या थरावर दुधात भिजवून घालायचे केशर काश्मीरचे किंवा इराणचे, एवढेच आपल्या घरांत ठाऊक असते. इंग्लंडच्या थंड मातीतही ते एकेकाळी इतके पिकत होते की एका गावाने ते आपल्या नावातच घेतले. केंब्रिजच्या दक्षिणेला सुमारे 24 किलोमीटरवर, एसेक्स परगण्यातले हे सॅफ्रन वॉल्डन. सॅफ्रन म्हणजे आपले जाफरानच. अरबांचा शब्द मसाल्याबरोबर युरोपात गेला आणि वाटेत जरा बदलला.

धाकटा भाऊ केंब्रिजला नोकरीला असतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही दोघे मुलीला घेऊन एका मंगळवारी तिकडे निघालो. मंगळवार मुद्दाम निवडला, कारण मंगळवार आणि शनिवार हे तिथले बाजाराचे दिवस. हा बाजार 1141 मध्ये शेजारच्या न्यूपोर्ट गावातून इथे हलवला गेला. तेव्हा गावाचे नाव होते चेपिंग वॉल्डन, आणि चेपिंगचा अर्थच बाजार. म्हणजे बाजार आधी, केशर नंतर.

चौकात भाजी, पाव, चीज, रोपे, कापड अशी दुकाने ताडपत्रीखाली मांडलेली. आपल्या आठवडी बाजाराची सवय असलेल्याला तिथली शांतता जरा चमत्कारिकच वाटते. कोणी ओरडत नाही, कोणी भाव पाडून मागत नाही. पण चौकाला लागून असलेल्या अरुंद गल्ल्यांत शिरलो आणि ओळख पटली. एक बुचर रो, म्हणजे आपली खाटीक आळी. दुसरी मर्सर रो, कापडवाल्यांची. मध्ययुगात बाजारातल्या मांडवांच्या रांगा होत्या, त्या हळूहळू पक्क्या झाल्या आणि त्यांच्याच गल्ल्या झाल्या. धंदे बदलले, पाट्या तशाच राहिल्या.

चर्चच्या रस्त्यावर लाकडी चौकटीची जुनी घरे आहेत, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. ओल्ड सन इन नावाच्या इमारतीच्या भिंतीवर गिलाव्यात उठावाची नक्षी आहे. तिच्यात दोन धिप्पाड पुरुष एकमेकांसमोर उभे आहेत आणि वर 1676 हे साल आहे. मुलीला ते राक्षस फार आवडले. आम्ही मात्र घरांकडे पाहत राहिलो. आम्ही अचलपूरचे. इमादशाहीची राजधानी असलेल्या आमच्या गावातही वेशी आहेत, तट आहे, हौज कटोरा आहे; पण मुलांना ते दाखवायला नेताना आधी काटेरी झुडपे बाजूला करावी लागतात. हे म्हणालो तर आमचे हे म्हणाले, ‘‘त्यांच्याकडे पैसा आहे.’’ असेलही. पण गल्लीचे जुने नाव पाटीवर ठेवायला पैसा कुठे लागतो?

सेंट मेरीचे चर्च टेकाडावर आहे. त्याचा मनोरा जवळजवळ 193 फूट उंच, लांबून दिसतो. आत दगडात केशराचे फूल कोरलेले आहे. इथे केशर कसे आले, याची एक कथा सोळाव्या शतकात रिचर्ड हॅक्लुट या लेखकाने नोंदवून ठेवली. एका यात्रेकरूने पूर्वेकडून केशराचा कंद चोरला आणि पोकळ केलेल्या काठीत लपवून आणला. कथेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पकडला गेला असता तर जीव गेला असता, असे कौतुकाने सांगून चोरीचीच शौर्यकथा केलेली आहे, हे आम्हाला खटकले.

पीक मात्र खरेच मेहनतीचे. केशराच्या फुलाला बी धरत नाही, कंदापासूनच नवे कंद होतात. ऑक्टोबरमध्ये फूल उमलते, ते भल्या सकाळी खुडायचे, आणि प्रत्येक फुलातून फक्त तीन तांबडे धागे निघतात. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत या गावाने त्यावर पैसा कमावला. लोकर रंगवायला, औषधात आणि स्वयंपाकात त्याला मागणी होती. पुढे बाहेरचे केशर स्वस्त पडू लागले आणि अठराव्या शतकात इथली शेती संपली. गावाने मग जव आणि माल्टचा धंदा धरला. अम्मींनी मागितले म्हणून आम्ही केशराची चौकशी केली. एका दुकानात छोटी डबी मिळाली. तिच्यावर स्पेनचे नाव होते.

गावाच्या मैदानात गवतातच खोदलेला चक्रव्यूह आहे. भिंत नाही, कुंपण नाही, नुसती वळणारी पायवाट, जवळजवळ 1.6 किलोमीटर. त्याची नोंद 1699 पासून सापडते. मुलगी शेवटपर्यंत चालली, आम्ही अर्ध्यातून गवतावरून सरळ बाहेर आलो.

आम्हा शिक्षकांना तिथली खरी ओढ चर्चच्या आवारातल्या एका कबरीची होती. रॅब बटलर 1929 ते 1965 या गावाचे खासदार होते. 1944 चा शिक्षण कायदा त्यांचाच. त्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी शाळांतले माध्यमिक शिक्षण सर्व मुलांसाठी मोफत झाले. बी.एड.ला हा कायदा आम्ही नुसता पाठ केला होता. त्यांचा जन्म 1902 चा, अटकेचा. आपण ‘अटकेपार’ म्हणतो तेच अटक. त्यांचे वडील माँटेग्यू बटलर 1925 ते 1933 मध्य प्रांताचे गव्हर्नर, राजधानी नागपूर, आणि आमचे वऱ्हाडही त्याच कारभारात. आमच्या आजोबांच्या वयाची मुले तेव्हा शाळेत जायची, किंवा फी नसल्याने जायची नाहीत. मुलाने पुढे आपल्या देशातल्या मुलांची फी माफ केली. नागपूरच्या गव्हर्नराच्या घरात ही गोष्ट कधी निघाली असेल का, असे मनात येत राहिले.

मुलीने विचारले, ‘‘हे कोण होते?’’ आम्ही सांगू लागलो, तोवर बसची वेळ झाली. उरलेले बसमध्ये सांगितले.