फादर नसताना

गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मधली काही वर्षं व्यापारात घालवली, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची निशिझाका टेकडी, सव्वीस क्रूस. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनाही हे पाठ असतं. पण त्यानंतर नागासाकीत काय झालं, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. संत क्रुसावर गेला की आपली गोष्ट संपते.

*

१६१४ मध्ये जपानचे राज्यकर्ते तोकुगावा यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६४४ मध्ये लपूनछपून फिरणारा शेवटचा फादर मारला गेला. (१७०८ मध्ये सिदोत्ती नावाचा एक इटालियन सामुरायाच्या वेशात किनाऱ्याला लागला, पण लगेच पकडला गेला आणि कैदेतच मेला.) गावकऱ्यांच्या नजरेला फादर पडायला १८६५ साल उजाडलं. मिस्सा नाही, कुमसार म्हणजे पापांची कबुली नाही, कम्युनियन नाही. मरणाऱ्याच्या कपाळाला तेल लावायलाही कुणी नाही.

*

लपून ख्रिस्ती राहिलेल्यांनी कामं वाटून घेतलेली. नागासाकीजवळच्या उराकामीत एक ‘चोकाता’, म्हणजे वही सांभाळणारा: आज कुठला सण, उपवासकाळ कधी लागतो, कुठल्या दिवशी शेतात जायचं नाही, हे त्याने सांगायचं. एक ‘मिझुकाता’, म्हणजे पाणी घालणारा. तो बाप्तिस्मा देई. वेळप्रसंगी बाप्तिस्मा कुणालाही देता येतो, म्हणून हा संस्कार टिकला. तिसरा ‘किकियाकु’, म्हणजे घरोघर निरोप पोचवणारा. चौघांत बोलता येत नाही तिथे कुजबुजणाराही लागतोच.

इकित्सुकी बेटावरचे लोक बाप्तिस्म्याचं पाणी समोरच्या नाकाएनोशिमा या खडकाळ बेटावरून आणत. तिथे त्यांची माणसं मारली गेली होती. खडकाच्या फटीतून झिरपणारं ते पाणी.

*

आता अवघड भाग.

दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला नागासाकीत घरोघर एक चित्र यायचं. ख्रिस्ताचं किंवा मरियेचं, पितळेत ओतलेलं. घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. तान्ह्या पोराचा पाय आईने टेकवायचा. आजारी माणूस उठत नसेल तर चित्रच अंथरुणापाशी न्यायचे. ज्याने पाय दिला नाही तो ख्रिस्ती.

हे लोक पाय द्यायचे. मग दार लावून ‘कोंचिरिसान’ म्हणायचे. मूळ पोर्तुगीज शब्द पश्चात्तापाचा. १६०३ मध्ये त्यावर जपानीत एक पुस्तिका निघाली होती आणि तिच्या हाताने उतरवलेल्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या फिरल्या. सांगणं असं: फादर मिळत नसेल, तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप कर, मिळेल तेव्हा कुमसार करीन असं ठरव, क्षमा आहे.

गोन्सालोचा पुतळा आमच्याकडे आहे, त्याच्या नावाचं कॉलेज आहे. वर्षातून एकदा पाय देऊन तीनशे चौसष्ट दिवस प्रार्थना करणाऱ्यांचा पुतळा कोण उभारणार? मला तरी वाटतं, चर्च त्यांनी टिकवलं. हुतात्मे झाले ते गेले. लेकरांना शिकवायला पाय देणारेच उरले होते. एका फादरांना हे बोललो तर ते म्हणाले, “जरा हळू बोल.”

*

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गोरे फादर निघून गेले, देशी फादर राहिले, मिस्सा चालू राहिली. आमची परीक्षा तिथेच टळली. पास झालो असतो की नाही, सांगवत नाही.

*

२० मार्च २०२०. करोनाची साथ. पोप फ्रान्सिस सकाळच्या मिस्सेत म्हणाले की कुमसाराला फादर मिळत नसेल तर सरळ देवाशी बोला, पश्चात्ताप करा. वहीत मी एवढंच लिहिलं: कोंचिरिसान!

*

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. टाळेबंदीत चर्च बंद. परसातली माडाची झावळी तोडून दाराला लावली. आशीर्वाद कोण देणार? मोबाइलवरून पोचला असं धरून चाललो. शुभवर्तमानाच्या वेळी शेजारच्या मावशी फोनसमोर डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि खाटेवर लोळणाऱ्या नातवाला म्हणाल्या, “ऊठ रे, देव बोलतोय.” नातू म्हणाला, “आजी, बफरिंग होतंय.”

हसलो खरा. त्याच आठवड्यात गल्लीतले एकजण गेले. दफनाला मोजून पाच माणसं, त्यांतले दोघे खड्डा खणणारे.

*

१७ मार्च १८६५. नागासाकीला ओउराचं नवं कोरं चर्च, परदेशी वस्तीसाठी बांधलेलं. अर्पण केलेलं त्या सव्वीस संतांना, म्हणजे आमच्या गोन्सालोलाही. फादर पेतिजाँ यांच्याजवळ उराकामीचे दहा-पंधरा लोक आले. एक बाई हळूच म्हणाली की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठाय?

पुढचं बोलणं मला जास्त भिडलं. सध्या दुःखाचा काळ चालू आहे ना, असं त्यांनी फादरांना सांगितलं. उपवासकाळच चालू होता तेव्हा. दोनशे वर्षांत किती वही सांभाळणारे मेले असतील, पण तिथी चुकली नाही.

*

सगळे चर्चकडे परतले नाहीत. इकित्सुकीतले बरेच जण म्हणाले, वाडवडील म्हणत आले तेच आम्ही म्हणू. त्यांच्या ‘ओराशो’तली, म्हणजे प्रार्थनांतली, लॅटिन घासून घासून ओळखू येईनाशी झालेली. माझी आजी लिटनीचा लॅटिन जबाब जसा म्हणायची, तो ऐकून पोपही गोंधळले असते. तिला कुणी चुकीची म्हटलं नाही.

*

ओउराच्या भेटीनंतरही सुटका नव्हतीच. १८६८ पासून उराकामीचे तीन हजारांवर लोक हद्दपार झाले, सहाशेहून जास्त मेले. १८७३ मध्ये परत आलेले त्या वर्षांना ‘ताबी’ म्हणत. ताबी म्हणजे प्रवास.

९ ऑगस्ट १९४५ चा बॉम्ब उराकामीवरच फुटला. तिथल्या बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार गेले. यावर माझी लेखणी चालत नाही.

*

१६ नोव्हेंबर २०२० ला महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. आम्ही आठ महिन्यांत रडकुंडीला आलो होतो.

मावशी मिस्सेनंतर फादरांकडे गेल्या. पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. काही तारखांभोवती पेन्सिलीची गोल खूण होती. “ही आपल्या गल्लीतली, मिस्सेविना गेलेली,” त्या म्हणाल्या, “आणि ही चौकट आमच्या मालकांच्या पुण्यतिथीची, तीही राहिली.” फादरांनी कॅलेंडर हातात घेतलं आणि खिशात चष्मा शोधू लागले.