दुःखाच्या घरी काय बोलावे

ख्रिस्ती घरात अकाली मृत्यू झाला की दफनविधी उरकून लोक घरी परतेपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येते : देव तुमच्या विश्वासाची परीक्षा पाहतो आहे. बोलणारा बहुधा प्रेमापोटीच बोलतो. कधी तो पाळक असतो, कधी भगिनी मंडळातली एखादी ज्येष्ठ बाई, कधी दूरचा मामा. मी सेमिनरीत नवा करार शिकवते. पाळक व्हायला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच सत्रात सांगते, की या वाक्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्याच्या घरी जाऊन बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मुले गोंधळतात. पवित्र शास्त्रात लिहिलेले सांगायचे नाही, तर मग सांगायचे तरी काय, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे.

ज्या वचनाचा आधार घेऊन हे बोलले जाते, ते पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. तिथे विश्वासाची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केली आहे. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या रोमी प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे. ही माणसे आपल्याच गावात परकी झाली होती. पूर्वीच्या मेजवान्या आणि देवकार्ये सोडली म्हणून शेजारी त्यांची नालस्ती करत. त्यांच्यात गुलामही होते. काही चूक नसताना धन्याचा मार खाणारे. आणि लिहिणारा कोण? परंपरा सांगते, की नीरोच्या अमदानीत रोममध्ये पेत्राला ठार मारण्यात आले. म्हणजे मुशीतला माणूस मुशीतल्या माणसांशी बोलतो आहे. सुखरूप खुर्चीत बसून केलेला तो उपदेश नाही. ही पार्श्वभूमी बाजूला ठेवून नुसते वचन उचलले, की ते हातात दगडासारखे येते.

सोन्याच्या त्या उपमेत आणखी एक गोष्ट आहे, आणि प्रवचनांत ती सहसा निसटते. मुशीतून निघालेले सोने वजनाने घटते. हीण जळून जाते, मागे कमी उरते. आपण मात्र उलटे सांगतो : दुःखाने विश्वास वाढतो. इतकी वर्षे मंडळ्यांमधून फिरताना, दुखावलेल्या माणसांच्या ओसरीवर बसताना मला वाढलेला विश्वास क्वचितच दिसला. दिसला तो घटलेला. देव आपले सगळे नीट करील, प्रामाणिकपणे वागले तर मुलाबाळांना काही होणार नाही, प्रार्थना केली की डॉक्टरांचा रिपोर्ट बदलेल, ही सगळी भर जळून गेलेली असते. उरते एवढेच, की हाक मारली तर ऐकणारा कोणी आहे. कधी कधी तर हाक तेवढी उरते.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. त्यांच्या चरित्राकडे आपण समाजसुधारणेच्या अंगाने पाहतो, ते योग्यच आहे. पण एका माणसाचा विश्वास जळत, घटत, शुद्ध होत कसा गेला, याचा इतका प्रामाणिक लेखाजोखा मराठी ख्रिस्ती जगात दुसरा नाही. त्यांनी १९०७ साली लिहिलेली साक्ष आणि इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार शेजारी ठेवून वाचावा, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्री पुराणे सांगत कुटुंब घेऊन देशभर फिरत. दुष्काळ आला तेव्हा होते-नव्हते ते अनुष्ठानांत आणि दानधर्मात संपलेले होते. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. विद्वान ब्राह्मणाच्या घरात मजुरी करायची कोणाला शिकवण नव्हती आणि भीक मागायची लाज होती. वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थान तुडवत निघाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे खड्डे खणले, त्यात झोपून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. साक्षीतला हा प्रसंग रमाबाई आवाज न चढवता सांगतात. आपल्या हालांतून आपण किती मोठ्या झालो, असा सूर त्या कुठे लावत नाहीत.

पुढे कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली, कीर्ती झाली. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पंचविशीही गाठली नव्हती आणि कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर व्हायचे म्हणून. ऐकू कमी येत असल्यामुळे तेही स्वप्न सोडावे लागले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कथा इथे संपवून टाकण्याचा मोह आपल्या प्रवचनकारांना फार होतो : इतके भोगले आणि अखेर प्रभूच्या चरणी आल्या. रमाबाई स्वतः तसे सांगत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वाद सुरू झाला : त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, मुलीला कोणत्या वळणाने वाढवायचे. एका जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्यात अडकवायला नाही, हे त्यांच्या पत्रांतून पानोपानी जाणवते. आणि साक्षीत त्या स्पष्ट कबूल करतात, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी भेटला. मला हा कबुलीजबाब त्यांच्या सगळ्या लेखनात सर्वांत मौल्यवान वाटतो. एवढ्या आगीतून गेलेल्या बाईचासुद्धा विश्वास आगीतून आपोआप तयार होऊन बाहेर पडला नाही. दुःखाने जागा मोकळी केली. ती भरायला वेळ लागला, वाचन लागले, वाद घालावे लागले, शंका सोसाव्या लागल्या.

१८९३ मध्ये आणखी एक आघात झाला. रमाबाईंनी चालवलेल्या शारदा सदन या संस्थेतल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून पुण्यात गदारोळ उठला, सल्लागार मंडळातल्या सुधारकांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडून परके होणे म्हणजे काय, हे पेत्राच्या वाचकांना जसे ठाऊक होते तसे ते रमाबाईंनाही कळले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसे भुकेने मरत असल्याच्या बातम्या आल्या आणि रमाबाई उठून तिकडे गेल्या. आपण स्वतः उपाशी हिंडलो होतो ही आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. आईबाप गमावलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलींना त्यांनी आगगाडीत घालून आणले, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग होता, तिथे नव्या मुली आणायला बंदी. म्हणून केडगावच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, मग विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी शाळा. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनात जवळपास दोन हजार जीव पोसले जात होते.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. स्वतःच्या भुकेत देवाचा हात होता, हे रमाबाई साक्षीत लिहितात. तो त्यांचा हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलींच्या भुकेला मात्र त्यांनी विहीर, भाकरी आणि पाटी-पेन्सिल हे उत्तर दिले. आणि १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराबद्दल संताप आला, तेव्हा 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्राला पत्र लिहून सरकारवर उघड टीकाही केली. शुद्ध झालेला विश्वास म्हणजे मुकाट सोसणारा विश्वास, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावे.

हा फरक ईयोबाच्या पुस्तकातही आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तिघे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून राहतात. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम हेच. तोंड उघडले आणि सगळे बिघडले. देव शिक्षा करतो, देव वळण लावतो, तूच काही केले असशील. एकेक वाक्य सुटे काढून पाहिले तर धर्मशास्त्राच्या परीक्षेत गुण मिळतील असे. अखेरीस देव रागावतो तो या मित्रांवर. ज्याने देवाला जाब विचारला, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तो ईयोब बरोबर बोलला असा निवाडा होतो. आपल्या मंडळ्यांमध्ये हा शेवटचा अध्याय वाचतात तो ईयोबाला परत मिळालेली गुरेढोरे मोजण्यासाठी. तो निवाडा कोणी वाचत नाही.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांच्या दोन पुस्तकांतही हा फरक दिसतो. 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' १९४० सालचे. दुःखाचा अर्थ लावणारे मोठे तर्कशुद्ध पुस्तक. १९६० मध्ये त्यांची पत्नी कर्करोगाने गेली आणि पुढच्या वर्षी 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' आले, तेही टोपणनावाने. त्यात देवावर संताप आहे, बंद दारापुढची तडफड आहे, आणि विश्वास टिकला आहे तोही अगदी चिरफळ्या होऊन. दोन्ही पुस्तके खरी आहेत. दुःखाच्या घरी नेण्यासारखे दुसरे आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत मी एक बाई पाहिली. तरणा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेलेला. ती दर रविवारी उपासनेला येई, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसे. गीत सुरू झाले की सगळ्यांबरोबर उभी राही, पण 'उपासना संगीत' मिटूनच ठेवी. दोन्ही हातांनी छातीशी धरलेले, ओठ घट्ट बंद. प्रार्थनेत डोळे मिटत नसे, समोरच्या वधस्तंभाकडे पाहत राही. बायकांत कुजबुज होती, की हिचा विश्वास डळमळला. तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "बाई, खोटं गायचं नाही मला त्याच्यापुढं." देवाशी खोटे बोलायचे नाही एवढी जिला त्याची पर्वा आहे, तिचा विश्वास डळमळला असे मी कसे म्हणू? त्या मंडळीत देवाकडे सर्वांत गंभीरपणे कोण पाहत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढे ती गाऊ लागली का, हे मला पुष्कळ जण विचारतात. मी तिथे असेपर्यंत नाही. पण गावात कोणाकडे मयत झाले की ती पहिल्यांदा पोचायची, चूल पेटवायची आणि आलेल्यांना चहा द्यायची.

रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाईंना तोवर ऐकू येणे जवळपास बंद झाले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालवले होते, मुक्ती सदनातल्याच मुली त्याचे खिळे जुळवत. मुलगी गेल्यावरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे, १९२४ मध्ये बाहेर पडले.

म्हणून पाळकांना आणि पाळक नसलेल्यांनाही माझी एवढीच विनंती. दुःखाच्या घरी जाल तेव्हा परीक्षेची, मुशीची, सोन्याची गोष्ट काढू नका. घरच्यांनी स्वतःहून काढली तर ऐकून घ्या. वाचायलाच हवे असेल तर ८८ वे स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. आणि तीन महिन्यांनी, पाहुण्यांची ये-जा थांबलेली असते तेव्हा, पुन्हा एकदा जा.